ओहोटीची शाळा

६ जानेवारी

प्रति,
मा. सहायक संचालक,
शिक्षण खाते, राजधानी

विषय: सर्व शाळा सकाळी नऊ वाजता भरवण्याच्या परिपत्रकास हरकत

महोदया,

आपल्या सहीचं परिपत्रक आमच्या शाळा समितीला मिळालं. देशातली प्रत्येक सरकारी शाळा नव्या सत्रापासून सकाळी नऊच्या ठोक्याला भरेल, हजेरी तेव्हाच लागेल, आणि जे मूल निम्म्याहून जास्त दिवस त्या वेळी बाकावर नसेल त्याला सरकारी वसतिगृहाच्या शाळेत हलवलं जाईल, असं त्यात म्हटलं आहे. सही आपलीच आहे याची मी चष्मा पुसून खात्री केली. शेवटची रेघ आपण अजूनही तशीच वर उडवता.

समितीच्या वतीने हरकत नोंदवतो ती अशी.

आमची शाळा खाडीच्या या काठावर आहे आणि तिच्यातली निम्मी मुलं समोरच्या बेटावरून दगडी वाटेने चालत येतात. दर भरतीला पाचेक तास ती वाट पाण्याखाली असते. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून शाळाही सरकते. आज साडेसातला भरली तर पाच दिवसांनी सव्वाअकराला भरते, आणि मग पुन्हा मागे येते. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, महिन्याच्या वेळा फाटकावर लावतात आणि सगळं गाव त्यावर चालतं. पाववाला त्या बघून भट्टी पेटवतो, मी त्या बघून दुकान उघडतो. हे आपल्याला नव्याने सांगावं लागतंय याचं नवल वाटतं, कारण आपण त्याच फाटकातून दहा वर्षं आत-बाहेर केलीत.

नऊचा नियम लागू झाला तर महिन्यातले अर्धेअधिक दिवस बेटावरची मुलं गैरहजर लागतील, आणि पुढच्या वर्षी वसतिगृहात असतील. सात वर्षांचं पोर घरापासून एक दिवसाच्या प्रवासावर, परक्या गादीवर झोपणार, आणि का, तर खाडीला घड्याळ कळत नाही म्हणून. याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

शिंपी म्हणून एक सांगतो. एकाच मापाचा सदरा सगळ्या गावाला घातला तर कोणाच्या बाह्या लोंबतात आणि कोणाचं पोट उघडं पडतं. बाकी आपण सुज्ञ आहात.

आपला विश्वासू,
अध्यक्ष, शाळा समिती

ता. क. आई रविवारी तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत असतो. मला तुमचं काही ऐकू येत नाही. खोकल्यावर गरम पाणी पीत जा.


३० जानेवारी

विषय: आपले उत्तर

महोदया,

उत्तर मिळालं. ‘कृपया शिवणकामातील उदाहरणे टाळावीत’ हे त्यातलं वाक्य मी समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचलं. पाववाला इतका हसला की त्याला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “पोरगी तुमचीच.” मी म्हणालो, हा सरकारी पत्रव्यवहार आहे, इथे कोणी कोणाचं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. आपण लिहिता की शाळा गावावर सोडल्या तेव्हा काय झालं ते खात्याने पाहिलेलं आहे. एका गावात अध्यक्षाच्या मुलाचं लग्न म्हणून शाळा पंधरा दिवस बंद होती आणि वर्गांत वऱ्हाड उतरलं होतं. दुसऱ्या एका गावाने ठरवलं की मुलींनी दुपारी घरी जाऊन घरकाम करावं, गणित काय मुलगेच शिकतील. गावाच्या हाती दिलं की गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस शाळा चालवतो, असं आपलं म्हणणं.

मोठ्या आवाजाचा टोमणा कोणाला आहे ते कळलं. जन्मभर शिलाई मशीनच्या वर बोलायचं तर आवाज मोठा होतोच. आणि ती गावं नालायक असतील, आमचं तसं नाही. यावर आपण काय लिहाल तेही मला माहीत आहे. प्रत्येक गाव असंच म्हणतं.

म्हणोत. पण वऱ्हाडाला वर्गाबाहेर काढण्यासाठी आमच्या पोरांना बेटाबाहेर का काढता, एवढंच आम्ही विचारतोय.

‘प्रत्यक्ष पाहणी करून निर्णय घेऊ’ असं आपण शेवटी लिहिलंत, त्याबद्दल समिती आभारी आहे. खात्याचं माणूस पाठवा. आमची खाडी कुठे पळून जात नाही.

तीन वर्षांपूर्वी समितीने आपल्याला याच शाळेत शिक्षिकेची नेमणूक दिली होती आणि आपण ती राजधानीहून दोन ओळींत परत पाठवलीत. तो विषय समितीने तेव्हाच बंद केला आहे. मी तो काढत नाही. तुझी आई मात्र काढते. ती म्हणते, दोघंही एकाच माळेचे मणी, एकाने तोंड उघडलं असतं तर तीन वर्षं वाचली असती. मी तिला म्हटलं, मी पत्र लिहितोय की. ती म्हणाली, “विषय घालून?”

आपला विश्वासू,
अध्यक्ष, शाळा समिती


१८ फेब्रुवारी

विषय: ३ मार्च रोजीची पाहणी

महोदया,

३ मार्चला सकाळी नऊ वाजता ‘खात्याचे एक अधिकारी’ येतील असं पत्र आलं. कोण ते लिहिलेलं नाही. आम्ही विचारतही नाही.

दिवस मात्र आपण नामी निवडलात. त्या दिवशी सकाळी आठला भरती आहे. नऊ वाजता वाटेवर छातीएवढं पाणी असेल आणि बेटावरच्या मुलांची बाकं रिकामी असतील. अधिकाऱ्यांनी वर्गात उभं राहून ती बाकं बघावीत, मग खिडकीतून पाणी बघावं, आणि मग काय ते लिहावं. आम्ही एक शब्द बोलणार नाही. समितीचा तसा ठराव झाला आहे. मोठ्या आवाजाच्या माणसानेच तो मांडला.

घरची बातमी अशी की तुझ्या आईने आतल्या खोलीतली गादी उन्हात टाकली आहे. मी विचारलं, कोणासाठी? म्हणाली, “गादीसाठी.” पडद्यांच्या कडा उसवल्या होत्या, त्यांना मी टीप घातली. त्याचा आणि पाहणीचा काही संबंध नाही. हातात वेळ होता.

अधिकाऱ्यांना चहात साखर किती लागते ते कळवल्यास बरं होईल. पूर्वी अडीच चमचे लागत असे.

आपला विश्वासू,
अध्यक्ष, शाळा समिती


४ मार्च

विषय: पाहणी पार पडल्याबाबत

महोदया,

पाहणी पार पडली. अधिकारी साहेब अतिशय सज्जन. शाळा बघून खूश झाले. इति अधिकृत वृत्त.

ता. क. आता बाकीचं सांगतो. हे मी अध्यक्ष म्हणून सांगत नाही.

ठरावाप्रमाणे बाकं रिकामी ठेवायची होती ना? परवा सकाळपर्यंत सगळे त्यावर ठाम होते. मग मोठ्या बाई वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या, नुकत्याच रंगवलेल्या भिंती बघितल्या, मुलांनी कापून लावलेले कागदी मासे बघितले, आणि म्हणाल्या, “एवढं सगळं करायचं आणि पाहुण्यांना अर्धा वर्ग दाखवायचा? मला नाही बाई जमणार.” पाववाला म्हणाला, खरंच, अर्धी भट्टी लावून गिऱ्हाइकाला बोलवण्यासारखं आहे. मी त्यांना खडसवायला उठलो होतो. तोंडातून निघालं, “दोन मुली आमच्याकडे राहतील.”

कारण तू येणार असं सगळ्यांना वाटत होतं, हे कशाला लपवू? गावची मुलगी तीन वर्षांनी शाळा बघायला येणार, आणि शाळा अर्धी?

तर परवा शाळा दहाला भरली, चारला सुटली, आणि बेटावरची मुलं घरी गेलीच नाहीत. पाववाल्याच्या पोराकडून बेटावर निरोप पाठवला आणि मुलं गावात घरोघरी वाटून घेतली. मोठ्या बाईंकडे सहा. पाववाल्याकडे आठ, आणि तिथे काय गोंधळ झाला ते विचारू नकोस, पिठात पावलांचे ठसे सापडले आहेत.

आमच्याकडे दोघी बहिणी आल्या. मोठी गरीब गाय. धाकटी सात वर्षांची, तिला सगळे टिटवी म्हणतात, आणि का म्हणतात ते पाच मिनिटांत कळलं. तोंडाला खीळ म्हणून नाही. मशीन कशी चालते, बटणाला चारच भोकं का, मला मिशा का, तुमच्या घरात इतकं शांत का? तुझ्या पलंगावर झोपायला दिलं तर तिने तुझा फोटो बघितला आणि विचारलं, “आजोबा, ही तुमची मुलगी मेली का?” मी म्हटलं, “नाही गं बाई, राजधानीत असते.” तर म्हणते, “मग तिच्याकडे असं का बघता?” तुझी आई पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. खूप दिवसांनी मी तिला अशी हसताना ऐकली. मीसुद्धा हसलो, पण जरा उशिरा.

मुलांना आम्ही खोटं शिकवलं नाही, एवढं लक्षात घे. मी स्वतः सांगितलं होतं की विचारलेलं खरं सांगायचं, न विचारलेलं सांगायचं नाही. सगळ्यांना टिटवीचीच काळजी होती.

काल सकाळी नऊला गाडी आली. सगळं गाव शाळेच्या फाटकाशी. गाडीतून एक उंच, बारीक गृहस्थ उतरले. तुझी आई त्यांना नमस्कार करून पुन्हा एकदा गाडीत वाकून बघून आली. मी बघितलं नाही. मी आधीच बघितलं होतं.

असो. सज्जन माणूस. वर्ग भरलेला, मुलं हजर, भिंती चकचकीत. टिटवी पहिल्या बाकावर ओठ आत दुमडून बसली होती, चेहरा लालबुंद. साहेबांनी विचारलं, “बाळ, किती वाजता आलीस?” म्हणाली, “नऊच्या आधी.” खरंच होतं. त्यापुढे तिने अवाक्षर काढलं नाही. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी तिच्यापुढे लिहिलं, ‘शांत व शिस्तप्रिय विद्यार्थिनी.’ साडेदहाला वाट उघडी पडली आणि मुलं घरी निघाली, तशी तिने बेटापर्यंत तोंड मिटलं नाही म्हणे.

साहेबांच्या विजारीची कड सुटली होती, ती मी जाता जाता शिवून दिली. ते म्हणाले, “नऊचा नियम तुमच्याकडे छान रुजलाय.” मी मान हलवली. दिवस इतका छान गेला होता.

आत्ता हे लिहिताना वाटतंय की मान हलवायला नको होती.

बाबा


२६ मार्च

विषय: ३ मार्चच्या पाहणीबाबत खुलासा

महोदया,

आपल्या खात्याने आमच्या शाळेला ‘आदर्श शाळा’ ठरवल्याचं पत्र मिळालं. सोबतचा अहवालही वाचला. ‘भरती-ओहोटीची सबब निराधार असून नऊ वाजता पूर्ण हजेरी शक्य आहे, हे या शाळेने सप्रमाण सिद्ध केले आहे. नियम सर्वत्र लागू करण्यास हरकत नसावी.’ फाटकावर लावायला निळी पाटीही आली आहे.

पत्र वाचून झाल्यावर बैठकीत कोणी कोणाकडे बघेना. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. जगातली कुठलीही शहाणी समिती बाकं रिकामी ठेवून जिंकली असती. आम्ही ती भरली आणि हरलो.

आपलं वेगळं चिठ्ठीवजा पत्रही त्याच टपालाने आलं. ‘नऊ वाजता वाटेवर छातीएवढे पाणी असेल असे आपणच कळवले होते. मुले पोहत आली का? आपल्या ता. क.ची दखल खाते घेऊ शकत नाही. सांगायचे असल्यास अधिकृत पत्रात सांगावे.’ वाचून आधी मला राग आला. आपल्याच लेकीला सांगितलेलं, तिला ठाऊक आहे, आणि तरी म्हणते मला ठाऊक नाही. तुझी आई म्हणाली, “अहो, ती तुम्हाला दार दाखवतेय, आणि तुम्ही भिंतीवर डोकं आपटताय.” मग पुन्हा वाचलं.

पाववाल्याचं म्हणणं होतं की पाटी ठेवून घ्यावी, देशभर नाव झालंय, पुढचं पुढे बघू. मी म्हटलं, पुढे म्हणजे टिटवी वसतिगृहात. त्याने पाटी टेबलावर पालथी ठेवली. त्याच्या घरी राहून गेलेल्या आठांपैकी दोघं आता रोज त्याच्या भट्टीवर येतात, त्यालाही ती पोरं हवी आहेत. तेव्हा समिती एकमताने, आणि शरमेने, खालील खुलासा करते.

३ मार्चला बेटावरची मुलं वेळेवर आली नव्हती. ती आदल्या दिवसापासून इथेच होती. गावातल्या घरांत झोपली होती. पाहुण्यांपुढे शाळा पूर्ण दिसावी, एवढाच हेतू होता, फसवण्याचा नव्हता, पण झालं ते फसवणंच. तपासनीस साहेबांचा यात काही दोष नाही. पाटी परत पाठवत आहोत. खिळे मारले नव्हते, त्यामुळे नवीच आहे.

मोठ्या बाईंचा आग्रह आहे की बैठकीत झालेली आणखी एक गोष्ट खुलाशात यावी. माझा नव्हता, पण त्या ऐकेनात. बैठक चालू असताना बेटावरची जाळीवाली मावशी दारात येऊन उभी राहिली. ती मासेमारीची जाळी दुरुस्त करते, टिटवीची आजी. म्हणाली, “पोरींना जीव लावलात, जेवू-खाऊ घातलंत, बरं वाटलं. पण रात्रभर पोरी परक्या घरी ठेवायच्या, तर मला आधी विचारायला कोणी आलं नाही. निरोप आला. राजधानीवाल्यांचाही निरोपच येतो.”

मी म्हटलं, मावशी, आत या, बसा. तर ती म्हणाली, “कुठे बसू? पाचही खुर्च्या गावच्याच आहेत.”

हे पत्रात लिहिणं मला जड जातंय, पण लिहिलं.

आपला विश्वासू,
अध्यक्ष, शाळा समिती

ता. क. पाटी परत पाठवताना पाववाल्याने ती फडक्याने पुसली. त्याच्या तोंडाकडे बघवेना.


१९ एप्रिल

विषय: नव्या नियमाच्या मसुद्यावर समितीचे मत

महोदया,

मसुदा मिळाला. आधी गोड बोलतो. वर्षाला किती तास शिकवायचं, काय शिकवायचं, आणि मुलगा असो की मुलगी, एकही मूल गणितातून वगळायचं नाही, हे केंद्र ठरवील. शाळा दिवसात केव्हा भरवायची ते तिथलं गाव ठरवील. आणि वेळ जुळत नाही एवढ्यासाठी कुठलंही मूल घरापासून तोडलं जाणार नाही. हे मी बैठकीत वाचलं तेव्हा मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या, पाववाल्याने टेबलावर थाप मारली, आणि मी चष्मा पुसायला खाली घेतला. चष्म्यावर धूळ फार बसते हल्ली.

आता कडू. ‘गाव’ म्हणजे कोण याची आपण व्याख्या केली आहे. समितीच्या निम्म्या जागा ज्यांची मुलं सगळ्यात लांबून येतात त्या पालकांच्या, आणि अध्यक्ष नव्याने निवडायचा! हा गावच्या कारभारात सरळसरळ हस्तक्षेप आहे. आम्ही काय वऱ्हाड उतरवणारे आहोत? ही समिती मी बारा वर्षं चालवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून बोलत नाही. नाहीतर पुष्कळ बोललो असतो.

समितीच्या वतीने तीव्र निषेध नोंदवतो.

निषेध नोंदवायला मतदान घेतलं. माझ्या बाजूने एक मत पडलं. ते माझं होतं. पाववाला म्हणाला, “बरोबर लिहिलंय पोरीने. बारा वर्षांत आपण त्यांना खुर्ची दिली नाही, हे आपल्या लक्षात तरी आलं होतं का?” मी म्हटलं, कोणी मागितली नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, “मागायला आत यावं लागतं.”

रविवारी रेडिओ बिघडला होता, त्यामुळे चुकून चार शब्द कानावर पडले. खात्याच्या बैठकीत सगळे नऊच्या नियमाच्या बाजूने होते म्हणे, आणि तू एकटी उभी राहिलीस. आधी आकडे दिलेस, कोणी ऐकेना. मग आमचा खुलासा अख्खा वाचून दाखवलास, टिटवीच्या आजीसकट. एक वयस्कर संचालक हसत सुटले आणि मग डोळे पुसत म्हणाले, ज्या गावाने स्वतःहून पाटी परत पाठवली त्याला आपली वेळ ठरवू द्यायला हरकत नाही.

म्हणजे नऊचा नियम आमच्या खोट्याने गळ्यात पडला होता आणि आमच्या खऱ्याने सुटला. हे तू फोनवर आईला सांगितलंस, मला नाही. माझी तक्रार नाही. भिंत पातळ आहे.

निषेध मात्र कायम.

आपला विश्वासू,
अध्यक्ष (तूर्तास), शाळा समिती


२ जून

विषय सुचत नाही.

समितीचा छापील कागद आणि शिक्का काल मी नव्या अध्यक्षांकडे दिला, म्हणून हे खाकी कागदावर लिहितोय, ज्यावर मी सदऱ्यांचे नमुने आखतो. मागच्या बाजूला कोणाची तरी बाही आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

निवडणूक झाली. जाळीवाली मावशी अध्यक्ष झाली. मी पडलो. चांगलाच पडलो. माझ्या स्वतःच्या बायकोने मला मत दिलं नाही, आणि हे तिने मतपेटीपासून घरापर्यंत रस्ताभर ज्याला त्याला सांगितलं. दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पहिली बैठक होती, आणि साधा सभासद मी अजून होतो. जाणार नव्हतो. गेलो.

मावशीने पहिली गोष्ट काय केली असेल? वेळापत्रक अर्ध्या तासाने पुढे ढकललं. एवढंच. म्हणाली, “वाट उघडी पडल्यापडल्या तुम्ही शाळा भरवता, कारण भट्टीला आणि दुकानाला ते सोयीचं पडतं. तेव्हा खड्ड्यांत पाणी असतं. पोरं गुडघ्यापर्यंत भिजतात आणि तशीच दिवसभर बसतात. अर्धा तास थांबा, दगड कोरडे होतात.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं त्या पोरांच्या विजारी माझ्याकडेच दुरुस्तीला येत होत्या, कडा कुजलेल्या. मी कापडवाल्याला शिव्या द्यायचो. मी म्हटलं, “मावशी, माझं मत तुम्हाला,” आणि हात वर केला. पाववाल्याने भट्टीबद्दल जरा कुरकुर केली, मग त्यानेही केला.

काल त्या वेळेला पहिली शाळा भरली. मी दुकानातून बघत होतो. पोरं कोरड्या पायांनी आली, दगडावरून दगडावर उड्या मारत, आणि टिटवी सगळ्यांच्या पुढे, मागे तोंड करून चालत, कारण पुढे तोंड केलं तर बोलायचं कोणाशी? फाटकातून तिने मला हात केला. एकही पोर कुठेही जाणार नाही. सगळी इथेच राहणार, इथेच मोठी होणार, माझ्याकडे विजारी टाकणार आणि पैसे उधार ठेवणार. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. कात्री उचलली, खाली ठेवली.

आणि तेवढ्यात आत घरात फोन वाजला. तुझी आई बाजारात गेली होती. खूप वेळ वाजला, मग उचलला.

तू म्हणालीस, “अध्यक्ष आहेत का?”

मी म्हटलं, “नाहीत. ते आता बेटावर राहतात.”

तू खोकलीस. मग विचारलंस, “मग कोण बोलतंय?”

पुढचं तुला माहीतच आहे. आपण इतका वेळ काय बोललो ते मला धड आठवतही नाही. तुझ्या स्वयंपाकघराचा नळ, तुमच्या संचालकांचं टक्कल, टिटवीच्या शंका, तुझा खोकला गेला का. पाववाल्याच्या विजारीवर तापलेली इस्त्री तशीच राहिली आणि मागच्या बाजूला बरोबर इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. नवी शिवून द्यावी लागेल. दिली. मला काय त्याचं!

पण एक राहिलं, म्हणून हा कागद.

तू नेमणूक परत पाठवलीस तेव्हा मला वाटलं होतं, ही गावाला विसरली. इथे असतीस तर वर्गभर मुलांना शिकवलं असतंस, छान शिकवलं असतंस. पण मग त्या टेबलापाशी आमच्या बाजूने उभं राहायला कोणीच नसतं. आणि मला वाटायचं तसं गाव म्हणजे मी नाही, हेही कोणी सांगितलं नसतं. मला तुझा फार अभिमान वाटतो. तू गेलीस ते बरं केलंस, आणि आता ये. पाहणीला नको. नुसती ये.

हे मी फोनवरच सांगणार होतो. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तुझी आई आली आणि फोन ओढून घेतला.

तुझा,
बाबा